कस्तुराची बादली

कस्तुराने बादली ओतल्याशिवाय गवत अंथरायचं नाही, हा त्या दोघांच्या धंद्यातला एकमेव कायदा होता. तो कस्तुराने केलेला नव्हता बरं का. नवनाथने केला होता, स्वतःच्या तोंडाने, स्वतःचा कान धरून.

गवत म्हणजे प्लास्टिकचं. हल्ली बाल्कनीत, गच्चीवर, हॉटेलाच्या दारात जे बारा महिने हिरवंगार दिसतं, ते. लोकांना वाटतं, सतरंजीसारखं अंथरलं की झालं. तसं अंथरणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचं गवत एका पावसाळ्यात कुबट वास मारायला लागतं. खरं काम गवताच्या खाली असतं. माती उकरायची, उतार काढायचा, वीतभर खडी भरून ठोकायची, वरून दोन बोटं बारीक कच पसरायची आणि कडेने पाइप काढून द्यायचा. म्हणजे वरून पडलेलं पाणी गवताच्या तळाच्या भोकांतून खाली जातं आणि मुकाट बाहेर निघून जातं. जूनपासून पुढचे चार महिने आपल्याकडे दोरीवरचा टॉवेल वाळत नाही. गवताखाली अडकलेलं पाणी कशाला वाळतंय?

हा खालचा भाग, बेस म्हणतात तो, नवनाथचा, वरचा कस्तुराचा. दोघं भेटले ते चाकणच्या एका कंपनीत, गाड्यांच्या सीटा बनवायच्या लाइनवर. ती कव्हरं शिवायची, तो फोम चढवायचा. दोघंही कॉन्ट्रॅक्टवर, सात महिने भरले की ब्रेक, मग पुन्हा नवं कार्ड. कस्तुरा दापोडीची, कामगाराची मुलगी. नवनाथ बीडकडून आलेला, तिच्याहून आठ वर्षांनी लहान. पहिल्या दिवसापासून तो तिला ताई म्हणायचा. आता कंपनीत ताई म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. पण कस्तुराचा नवरा नागसेन अपघातात मांडीचं हाड मोडून घरी पडला, तेव्हा दापोडीच्या त्या अरुंद जिन्यावरून त्याला पाठीवर घेऊन महिनाभर दवाखान्यात नेणारा-आणणारा हाच नवनाथ होता. तेव्हापासून चौदा एप्रिलला तो दापोडीत जेवायला आणि दिवाळीला कस्तुरा त्याच्या घरी, हे ठरूनच गेलं.

"ताई, तुझ्यासारखे हात कुणाचे नाहीत," असं म्हणून म्हणून त्यानेच तिला कंपनी सोडायला लावली होती. त्या वर्षी पर्मनंटच्या यादीत तिचं नाव लागणार अशी लाइनवर कुजबुज होती. नागसेन म्हणाला, थांब जरा. तिने नवनाथचा शब्द धरला आणि सोडली. पस्तावली मात्र नाही. गवताचे दोन रोल शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या कडा कापायच्या, खाली टेप, टेपवर गोंद आणि दोन्ही कडा अशा मिटवायच्या की हिरव्यात कुठे रेघ म्हणून दिसू नये. कस्तुराच्या जोडावरून अनवाणी चाललं तरी कुणाला कळत नसे. ती म्हणायची, सीटच्या शिलाईवर माणूस बसतो, इथे चालतो, एवढाच काय तो फरक.

कायद्याची गोष्ट त्यांच्या दुसऱ्याच कामावरची. मारुंजीत आयटीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या एका इमारतीची गच्ची होती. नवनाथने उतार उलटा काढला. आठ दिवसांत वळवाच्या एका सरीने गच्चीचं तळं झालं आणि सगळं गवत उचलावं लागलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, गुडघाभर ओल्या गवताच्या भेंडोळ्यात उभं राहून नवनाथने कान धरला. "ताई, इथून पुढं बेस मी करणार अन् तपासणार तू. ज्यानं केलं त्यानं तपासायचं न्हाई. तू एक बादली वतायची. पानी गेलं तर गवत टाकायचं, न्हाई गेलं तर मला चार शिव्या द्यायच्या."

तेव्हापासून ती बादली. पोहायच्या पुलांभोवतीची, स्विमिंग पुलांची कामं मिळायला लागली तेव्हा तिने जागाही ठरवून टाकली. पुलाच्या पायऱ्यांपासून उजव्या हाताला, दोन पावलांवर. माणूस पाण्यातून निथळत बाहेर येतो तो तिथे. सगळ्यात जास्त पाणी तिथे सांडतं. तिथलं गेलं तर बाकीचं जाणारच. नवनाथ उकिडवा बसून बघायचा आणि हसायचा. "ताईच्या बादलीला रिझर्व्हेशन हाय. जागा बदलायची न्हाई." तीही हसायची. पाच पुलांवर पाच वेळा हे झालं होतं.

सहावा पूल अर्जुनरावांचा.

म्हाळुंग्याच्या अलीकडे त्यांचा बंगला. शेती कंपन्यांना गेली, उरल्या तुकड्यावर त्यांनी शेड बांधून भाड्याने दिल्या आणि मागच्या अंगणात नातवंडांच्या हट्टापायी पोहायचा पूल बांधला. पुलाभोवती फरशी घातली ती चकचकीत, तोंड दिसेल अशी. अर्जुनरावांना चकचकीत गोष्टींची हौस होती. नातवंडं चार दिवस पोहली आणि विसरली. पूल उरला तो शालनबाईंना. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज अर्धा तास पाण्यात चाला. पहिल्याच आठवड्यात त्या चकचकीत फरशीवर बाईंचा पाय सरकला. लागलं फारसं नाही, पण भीती बसली. दाराशी यायच्या, निळ्या पाण्याकडे बघायच्या आणि मागे फिरायच्या.

"फरशी फोडून टाकू, मावशी," कस्तुरा पहिल्याच भेटीत म्हणाली. "दारापासून पायऱ्यांपर्यंत सगळं गवत. अनवाणी चालायचं. पाय सरकणार नाही."

"पान्यानं कुजायचं न्हाई ना?" शालनबाईंनी विचारलं. "वल लई आस्ती आमच्यात."

"गवत नाही कुजत. खाली पाणी राहिलं तर वास मारतं, शेवाळ धरतं, त्यावर पाय सरकतो. पण खाली पाणी राहणारच नाही. मी स्वतः तपासल्याशिवाय एक पट्टी टाकत नाही."

अर्जुनराव खुर्चीत बसून ऐकत होते. "समदे आसंच म्हनत्यात, बाई."

"समदे म्हणत असतील," कस्तुरा म्हणाली. "मी शब्द देते. मावशी पडल्या तर मला येऊन विचारा."

शालनबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "हिच्या शब्दावं बसवा. दुसऱ्या कुनाचं मला म्हाईत न्हाई."

मे महिन्याचा शेवट होता. नवनाथने चार दिवस घेतले. फरशी फोडली, अंगण उकरलं. या चार दिवसांत कस्तुरा साइटवर गेली नाही, तो तिचा भाग नव्हता. पाचव्या दिवशी गेली तेव्हा पुलाच्या चारी बाजूंनी करडी कच एकसारखी ठोकून बसवलेली होती, उतारही डोळ्यांना दिसत होता. कुंपणाच्या भिंतीशी पाण्याच्या निचऱ्याची जाळी बसवलेली होती, नवी कोरी. तिने पिशवी ठेवली, पुलातून बादली भरली, पायऱ्यांच्या उजव्या हाताला दोन पावलांवर गेली आणि ओतली.

पाणी असं गेलं की बघत राहावं. ना डबकं, ना फेस. बादली सरळ होईपर्यंत जमीन पाणी पिऊन मोकळी.

"अरे, शाब्बास!" कस्तुरा म्हणाली. "इतकं झकास आजवर कधी गेलं नव्हतं."

नवनाथ रोलची दोरी सोडत होता. त्याने मान वर केली नाही. "लई मेहनत घेतली, ताई."

वळीव येऊन गेल्यामुळे हवा घामट झाली होती. अशा हवेत गोंद लवकर सुकत नाही, वरून कातडी धरतो आणि आत ओलाच राहतो. नवनाथ उरकून टाकायच्या घाईत होता. कस्तुराने ऐकलं नाही. दोन दिवस थांबली, तिसऱ्या दिवशी कोरडं ऊन पडल्यावर गोंद लावला, प्रत्येक जोडावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी शालनबाई काठी घेऊन दारातून निघाल्या. एक पाऊल, दोन पावलं. मग त्यांनी काठी अर्जुनरावांच्या हातात दिली. पायऱ्यांपाशी पोचून त्यांनी मागे वळून बघितलं, तेव्हा कस्तुराला उगीचच रडू आलं. सीटच्या कव्हरांनी तिला असं कधी रडवलं नव्हतं.

त्यानंतर पाऊस लागला. कामं कमी झाली. मध्येमध्ये ती नवनाथला विचारायची, "म्हाळुंग्याच्या मावशी कशा आहेत रे? काही फोन?"

"एकदम मस्त," तो म्हणायचा. "रोज चालतात म्हनं. तू कशाला टेन्शन घ्यायलीस?"

धंद्याच्या कार्डावर नंबर त्याचाच होता. तिने कधी आपला टाकायला सांगितला नव्हता, आणि तसं कारणही नव्हतं.

श्रावणात एक दिवस गोंदाचे डबे आणायला ती चाकणला गेली होती. दुकानदाराने दोन तासांनी या सांगितलं. दोन तास चौकातल्या धुरात उभं राहण्यापेक्षा मावशींना भेटून येऊ, असं तिच्या मनात आलं. रिक्षात बसताना तिने डझनभर केळी घेतली. बोलावल्याशिवाय जात होती, पण मनात संकोच नव्हता. उलट मावशी पाण्यात चालताना बघायला मिळतील म्हणून ती खुशीत होती.

शालनबाई पुढच्या पडवीत बसल्या होत्या. काठी मांडीवर आडवी. कस्तुराला बघून त्या उठल्या नाहीत, ये म्हणाल्या नाहीत. केळ्यांची पिशवीही त्यांनी हातात घेतली नाही.

"आता आलीस व्हय?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे, मावशी?"

"तीन डाव फोन केला तुझ्या त्या भावाला. तीन डाव येऊन गेला. तू काय फिरकली न्हाईस."

कस्तुराला काही समजेना. तेवढ्यात घराच्या मागून वारं आलं आणि सोबत वास घेऊन आलं. ओलं गोणपाट आठ दिवस बादलीत विसरून राहिल्यावर येतो, तसा. तो वास कशाचा हे तिला सांगायची गरज नव्हती.

अर्जुनराव आतून बाहेर आले. ते मोठ्याने बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. "बाई, तुमी वल्या हवंत गोंद लावला. गवताची समदी भोकं बुजली त्यानं, पानी खाली जायला वाट न्हाई. तुमचा मानूसच बोलला. म्हनला, आमच्या बाईची चूक झाली, पन ती लई हळवी हाय, तिला कळू देऊ नका, मी बघतो काय ते. आमी गप बसलो."

"नवनाथ असं म्हणाला?"

"मंग काय मी लबाड बोलतोय?"

"मागल्या मंगळवारी परत सरकले," शालनबाई म्हणाल्या. "ह्यांनी धरलं म्हनून. तेव्हापासून न्हाई ग्येले पान्यात. तुझ्या शब्दावं बसवलं हुतं मी."

माणसाच्या तोंडात कुणी मारलं तर निदान मारणारा समोर असतो. कस्तुरा पडवीच्या पायरीवर उभी होती, हातात केळी, आणि ज्याने मारलं तो तिथे नव्हताच. गोंद! ती दोन दिवस थांबली होती त्या गोंदासाठी. आणि गोंद लागतो किती, तर फक्त जोडाखाली, हातभर रुंदीच्या टेपवर. बाकीच्या अंगणभर गवताची भोकं बुजायला तिथे गोंदाचा थेंबही नव्हता. हे नवनाथला माहीत होतं. तिला हळवी म्हणण्याआधी, तिची चूक म्हणण्याआधी त्याला हे नक्की माहीत होतं. आणि तरीही तिचं मन म्हणत होतं की काहीतरी गैरसमज आहे, पाइप तुंबला असेल, तो घाबरला असेल, बोलायला गेला एक आणि यांनी ऐकलं दुसरंच.

"मला एक जोड उघडू द्या," ती म्हणाली. "तुमच्या समोर. चूक माझी निघाली तर सगळं उचलून नेते आणि परत फरशी घालून देते."

कटर तिच्या पिशवीत नेहमी असायचाच. मागच्या अंगणात ती दारापासूनच्या पहिल्या जोडापाशी बसली; अर्जुनरावांनी शालनबाईंसाठी तिथेच खुर्ची आणून ठेवली. जोड शोधायला तिलाही हात फिरवावा लागला, इतका तो मिटलेला होता. गोंद सुकून दगड झाला होता. तिने पातं घातलं आणि स्वतःचीच शिलाई उसवली. धंद्याच्या आठ वर्षांत पहिल्यांदा.

खाली दोन बोटं कच. कचेखाली खडी नव्हतीच. काळी माती होती, तिच्यात फोडलेल्या चकचकीत फरशीचे तुकडे, विटांचे रोडे, सिमेंटची फाटकी गोणी. सगळं रबरबलेलं. तिने बोटं घातली ती मनगटापर्यंत गेली. वर डास उठले. अर्जुनरावांनी नाकाला उपरणं लावलं.

"ही माझीच फरशी हाय की," ते म्हणाले.

कस्तुरा उठली आणि भिंतीशी गेली. निचऱ्याची ती नवी कोरी जाळी तिने हाताने उपटली. ती सहज निघाली. मागे पाइप नव्हता. मागे माती होती, आणि मातीवर जाळीच्या चौकटीचा ठसा.

अजूनही तिला एक गोष्ट उमगत नव्हती. बादली? तिने स्वतः ओतली होती बादली. या डोळ्यांनी बघितलं होतं पाणी जाताना. काळ्या मातीत ते गेलं कसं?

ती पायऱ्यांपाशी आली. उजव्या हाताला, दोन पावलं. तिथे जोड नव्हता, तरीही तिने अखंड गवतात कटर घातला आणि चौकोन कापून दुमडला. कच बाजूला सारली. आणि तिथे खडी होती.

सुरेख खडी. धुतलेली, एकसारखी, अशी जशी सगळ्या अंगणात असायला हवी होती. पण गोल. मोठ्या परातीएवढा गोल, काठ फावड्याने तासून सरळ केलेले, आणि खोल. बाही वर सारून तिने खडीत हात खुपसला, कोपरापर्यंत खडी लागत गेली. आता त्या खड्ड्यात पाणी तुडुंब भरलेलं होतं, काळं. एका बादलीपुरती केलेली जागा ती, अख्ख्या पावसाळ्याला कुठून पुरणार?

शालनबाईंना त्यातलं काही कळलं नाही. "हितं तरी टाकलीया की खडी," त्या म्हणाल्या.

कस्तुरा तशीच बसून राहिली. नवनाथने काम चोरलं याचं तिला दुःख झालं नव्हतं असं नाही. पण कामं चोरणारे जगात कमी नाहीत, त्यांना शिव्या देऊन मोकळं होता येतं. इथे नवनाथने तिला चोरलं होतं. ती कुठे उभी राहील, कुठल्या हाताला वळेल, किती पावलं टाकेल, हे पाच पुलांवर उकिडवं बसून, हसून हसून बघितलेलं सगळं त्याने फावड्याच्या टोकावर घेतलं होतं. दुसऱ्या कुणाला हा खड्डा खणताच आला नसता. दुसऱ्या कुणाला जागाच सापडली नसती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं, असं तिला वाटलं, आणि तिने शाब्बास म्हटलं होतं हे आठवून तिला स्वतःची शिसारी आली.

तिने फोन लावला. "म्हाळुंग्याला ये. आत्ता." एवढंच बोलली.

नवनाथ तळवड्यातून तासाभरात मोटरसायकलवर आला. अंगणात पाय टाकल्याबरोबर त्याने उसवलेला जोड बघितला, उपटलेली जाळी बघितली, आणि मग पायऱ्यांपाशी दुमडलेला तो चौकोन. चौकोन बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला. आधीच्या दोन गोष्टींवर त्याच्याकडे उत्तरं असणार. या एकीवर नव्हतं.

"ताई, ऐकून घे," तो म्हणाला. "तळवड्याचं काम त्याच आठवड्यात आलं. कंपनीच्या दारातलं काम, लई मोठं, सोडलं आसतं तर परत उभं केलं नसतं त्यांनी. खडीचा ट्रक एकच मिळायलता, त्यो तिकडं टाकला. मी म्हनलं हितलं आत्ता निभावून नेऊ, दिवाळीनंतर उचलून नीट करू. आईशपथ, करणार होतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं आसतंस का?"

"नसतं ऐकलं."

"मंग?" जणू काही तिनेच त्याला अडचणीत टाकलं होतं. "बादली वतल्याबिगर तू गवत टाकत नव्हतीस. म्हनून..." तो खड्ड्याकडे बघून थांबला. "तुझं समाधान व्हावं म्हनून केलं, ताई."

शालनबाई खुर्चीत सावरून बसल्या. आता त्यांनाही खड्डा समजला होता.

कस्तुराचा आवाज चढला नाही. तिला एकच गोष्ट विचारायची होती. "हा खणायला किती वेळ लागला?"

"काय?"

"खड्डा. किती वेळ लागला?"

"आर्धा तास आसंल," तो पुटपुटला. "खाली फरशीचा थर लागला हुता."

"अर्धा तास," कस्तुरा म्हणाली. "अर्धा तास तू वाकून फक्त माझा विचार करत होतास. ताई इथे उभी राहील, इथे ओतेल. आणि एकदाही तुझा हात थांबला नाही?"

नवनाथ रडायला लागला. ते रडणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच तिला ते सहन होईना. नागसेनला पाठीवर घेऊन जिना उतरणारी पाठ हीच होती. त्या उपकाराचं आता काय करायचं? तो खोटा होता असं म्हणता येत नव्हतं, आणि खरा म्हटला तर हा खड्डा कुणाचा?

"आणि माझ्या गोंदावर ढकललंस," ती म्हणाली. "वर त्यांना सांगितलंस, तिला कळू देऊ नका. म्हणजे मी यांच्या दारात येऊन उजळ माथ्याने केळी द्यावीत."

"घाबरलो हुतो, ताई."

"मला ताई म्हणू नकोस."

तो मोटरसायकलकडे वळला. जाताना फाटकापाशी थांबून म्हणाला, "सोमवारी मारुंजीचं नवं काम हाय. बेस तयार हाय. खरोखरचा." त्या तयार बेसवर गवत अंथरायला दुसरं कुणीतरी शोधावं लागणार हे दोघांनाही कळलं होतं.

अर्जुनराव म्हणाले, "उचला समदं. ह्या भानगडी नगंत आमाला." पण शालनबाईंनी विचारलं, "आनि खालचं काम तुला येतं का गं?"

"आठ वर्षं बघत आलेय," कस्तुरा म्हणाली. "बघून येतं तेवढं येतं. पण येतं."

भाद्रपदात उघडीप मिळाली तेव्हा तिने काम धरलं. भोसरीच्या नाक्यावरून दोन बायामाणसं आणली आणि सगळं अंगण पुन्हा उकरलं. फरशीचे तुकडे वेचून फाटकाबाहेर ढीग घातला. गवंडी लेव्हल बघतात तशी पाण्याची नळी धरून उतार काढला, एकदा चुकला, पुन्हा काढला. पाइप टाकला तो भिंतीच्या पार ओढ्यापर्यंत नेला. खडीची गाडी उतरवून घेताना तिने प्रत्येक पाटीत हात घालून बघितला. पायऱ्यांजवळचा तो गोल खड्डा उकरताना बायांनी विचारलं, इथली खडी चांगली आहे, राहू द्यायची का? ती म्हणाली, काढा.

अकरा दिवसांनी कच ठोकून झाली. शालनबाई काठी टेकत दारात आल्या. अर्जुनरावांनी बादली आणली आणि सहजच कस्तुरापुढे धरली.

तिने हात मागे घेतला. "बेस मी केलाय. ज्याने केला त्याने तपासायचं नाही. मावशी, तुम्ही ओता."

"मी व्हय?" शालनबाईंना गंमत वाटली. अर्जुनरावांनी बादली भरून त्यांच्या हाताशी धरली. "कुठं वतू गं?"

पायऱ्यांच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर. शब्द कस्तुराच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले आणि ती पाठ फिरवून कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नवनाथला कधी असं पाठ फिरवायला सांगावं, हे तिला सुचलं नव्हतं. सुचायचं कारणच काय होतं?

"मला विचारू नका," ती म्हणाली. "तुम्हाला वाटेल तिथे."

पाणी पडल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग पाइपातून भिंतीपलीकडे बारीक धार सुटल्याचा आवाज.

"ग्येलं," शालनबाई म्हणाल्या. "समदं ग्येलं." आवाजात आनंद होता. मग जरा थांबून, थोड्या ओशाळ्या आवाजात त्यांनी विचारलं, "आजून एक वतू का?"

दुसरी ओतली. तिसरी ओतली. दर वेळी त्या म्हणायच्या, ग्येलं, आणि दर वेळी अर्जुनराव पुन्हा बादली भरायचे. पूर्वी एका बादलीवर भागत होतं. कस्तुराने भिंतीला हात टेकला होता आणि तिचे डोळे वाहत होते, पण तिने वळून बघितलं नाही. त्या दोघांचा तिला राग आला नाही. त्यांच्या जागी असती तर तिनेही हेच केलं असतं.

सातव्या बादलीनंतर शालनबाई दमल्या. "आता बास करू व्हय गं? का आजून?"

"अजून एक," कस्तुरा भिंतीकडे बघत म्हणाली. "जिथे मी कधीच ओतली नसती असं तुम्हाला वाटतं, तिथे ओता."

मागे पुलातून बादली भरल्याचा आवाज आला. मग काठीचा आवाज हळूहळू लांब, पंपाच्या खोलीकडच्या कोपऱ्याकडे जायला लागला.